एक मग गोडं पाणी

कवळीबाईंना कुणी एखादी गोष्ट दुसऱ्यांदा विचारली की त्यांच्या कपाळावर आठ्या पडायच्या, आणि त्या आठ्या बघून तिसऱ्यांदा विचारायची कुणाची छाती व्हायची नाही. "मी एकदाच सांगते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक खोली होती, तिथे बसून बाईंनी एकतीस वर्षं लोकांच्या कवळ्या घडवल्या. डॉक्टर एवढे शिकलेले, पण "बाई, मघाशी काय म्हणालात?" असं विचारायला तेसुद्धा कचरायचे. कवळीबाई हे नाव पेशंटांनी ठेवलेलं. सुरुवातीला बाई चिडल्या, मग सवय झाली, आणि आता दारावरची पाटी सोडली तर त्यांचं खरं नाव कुठे वापरात नाही. आपणही उगाच कशाला वापरा.

तर या बाईंच्या घरी, बाहेरच्या खोलीत, लोक जिथे टीव्ही ठेवतात तिथे, चार फुटी काचेची टाकी होती आणि टाकीत समुद्र होता. फिल्टरच्या पाण्यात तोलून मापून खास मीठ कालवलेला घरगुती समुद्र, पण त्यातल्या प्रवाळांची काही तक्रार नव्हती. प्रवाळ म्हटलं की लोकांना अंगठीतला खडा आठवतो. बाईंकडे येणारा प्रत्येक पाहुणा आधी तेच विचारायचा आणि बाई प्रत्येकाला तेच सुनवायच्या, "खडा नाही, जीव आहे. खातो, वाढतो, रुसतो."

नाजूक, नखरेल प्रवाळांच्या वाटेला बाई कधी गेल्या नाहीत. त्यांच्याकडे सगळी चिवट मंडळी. शर्टाच्या बटणाएवढी, हिरवी नारिंगी, दगडावर दाटीवाटीनं बसलेली ती 'बटणं'. मागच्या काचेवर चढत चाललेलं ते 'गवत'. ही मंडळी वाढली की बाई कवळीकामातली कात्री आणि चिमटा घेऊन बसायच्या. बटणांचा एक गुच्छ दगडासकट तोडायचा, कोरडा टिपायचा, थेंबभर डिंक लावायचा आणि छोट्या ठोकळ्यावर बसवायचा. हे ठोकळे बाई कवळीच्या हिरड्यांच्या मसाल्यातून स्वतः पाडायच्या, त्यामुळे ते होते गर्द गुलाबी. आसपासच्या पंधरावीस घरांत, दोन शाळांत आणि एका न्हाव्याच्या दुकानात बाईंची प्रवाळं गुलाबी हिरडीवर बसून सुखानं नांदत होती.

देताना बाई प्रत्येकाला एक मंत्र द्यायच्या. "वाढली की एक तुकडा दुसऱ्याच्या घरी ठेवायचा. आपल्याकडे काही बरंवाईट झालं तर तिकडून परत आणता येतो. ज्यानं वाटलं त्याचं टिकलं." अगदी बरोबर सांगायच्या. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! कारण टाकीच्या मधोमध थोरली होती, आणि थोरलीला बाईंनी कधीही पातं लावू दिलं नव्हतं.

थोरली म्हणजे मऊ, पिवळट तपकिरी, जाड देठाचं आणि वर ताटाएवढी पसरट टोपी असलेलं प्रवाळ. टोपीवर शेकडो बारीक बोटं, पाण्याच्या लाटेबरोबर हलणारी. टाकीचं वेड मुळात बाईंच्या नवऱ्याचं. त्यानं हौसेनं टाकी आणली, तीन महिन्यांत कंटाळला आणि बाईंच्या गळ्यात मारली. त्याच सुमारास मासेवाल्याच्या दुकानात बाईंना कोपऱ्यात एक गोळा पडलेला दिसला, मेणचटलेला, मिटलेला. "मेलंय ते, न्या फुकट," मासेवाला म्हणाला. ते मेलेलं नव्हतंच. या जातीचं प्रवाळ अधूनमधून कात टाकतं, तेव्हा आठवडाभर मढ्यासारखं पडून राहतं. बाईंना तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं, त्यांनी आपलं दया आली म्हणून आणलं. पाचव्या दिवशी त्यानं बोटं बाहेर काढली आणि बाई काम सोडून दुपारभर टाकीसमोर बसून राहिल्या. त्यानंतर वर्षभरानं लेक जन्मली. म्हणून ही थोरली.

"आईचा जीव थोरलीत," लेक लहानपणापासून म्हणायची. "मी आपली धाकटी, सावत्र."

"गाढव कुठली," बाई म्हणायच्या. लेकीला त्या सव्वीस वर्षं गाढवच म्हणत आल्या होत्या आणि लेकीला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. घरात हक्कानं गाढव म्हणावं असं दुसरं होतं कोण?

लेकीनं लग्न केलं बेकरीतल्या कारागिराशी. मुलगा सरळ, कामसू, जरा अबोल. पहाटे चारला भट्टीवर जायचा, सकाळी दहाला मोकळा व्हायचा. दोघं दोन गल्ल्या सोडून राहायची. बाईंना तो आवडत नव्हता असं मुळीच नाही. पण जावई म्हणजे मानाचा माणूस, म्हणून बाई त्याला 'अहो जावईबापू' म्हणायच्या, बसायला चांगली खुर्ची द्यायच्या, आणि मान दिला की अंतर आपोआप राहतं तसं ते राहिलं. तो खुर्चीच्या कडेवर बसायचा. दीड वर्षात टेकून बसला नव्हता.

मग बाईंचा गुडघा बदलायचा ठरला. दवाखान्यात आठवडाभर मुक्काम, लेक सोबतीला, आणि टाकी? टाकी जावयाकडे. दुसरा इलाजच नव्हता.

आदल्या दिवशी बाईंनी त्याला टाकीसमोर उभं केलं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. अशा टाकीतलं पाणी रोज थोडं थोडं उडून जातं, पण मीठ उडत नाही, ते मागेच राहतं. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी बिनमिठाचं पाणी घालावं लागतं, नाहीतर टाकी दिवसेंदिवस खारट होत जाते. नदीविहिरीच्या अशा पाण्याला आपण गोडं पाणी म्हणतो. गोड्या पाण्यातले मासे म्हणतो, तसंच. बाई आयुष्यभर हाच शब्द वापरत आलेल्या.

"दोन्ही माशांना चिमूटभर चारा," बाई म्हणाल्या, "आणि रोज या खुणेपर्यंत गोडं पाणी. साधारण एक मग लागतं. बाकी कशाला हात लावायचा नाही. मी एकदाच सांगते."

जावयानं मान डोलावली. मग धीर करून विचारलं, "किती गोडं?"

बाईंच्या कपाळावर आठ्या आल्या. गोडं पाणी ते गोडं पाणी, त्यात कितीचा काय प्रश्न! "नेहमीचंच, जावईबापू," त्या म्हणाल्या. "पाणी फिल्टरचं घ्या म्हणजे झालं."

पुढे विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

आता त्या बिचाऱ्याची बाजूही ऐका. बेकरीत रोज पहाटे बनपाव भट्टीतून निघाले की त्यांच्यावर चकाकी यावी म्हणून साखरपाण्याचा हात फिरवतात. पातेलंभर करून ठेवलेलं असतं. "गोडं पाणी आण रे," "गोडं पाणी संपलं रे," हे त्याच्या कानांवर अकरा वर्षं रोज पडत होतं. त्याला जे नेहमीचं, ते त्यानं केलं. फिल्टरच्या एक मग पाण्याला दोन चमचे साखर, एक उकळी, नीट गार करून, कपड्यातून गाळून. मन लावून केलं हो! सासूबाईंची टाकी म्हणून जरा जास्तच मन लावून केलं.

चौथ्या दिवशी सकाळी बाई दवाखान्याच्या खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या. लेक शेजारी संत्रं सोलत होती. फोन वाजला.

"आई, बरं वाटतंय ना?" जावई म्हणाला.

"वाटतंय. काय झालं?"

"काही नाही. पाणी जरा पांढरं दिसतंय."

"जरा म्हणजे?"

"म्हणजे दुधासारखं. आणि मासे वर येऊन तोंडं उघडतायत."

बाई ताठ झाल्या. "काय घातलंत पाण्यात?"

"काहीच नाही! तुम्ही सांगितलं तेवढंच. चारा आणि एक मग गोडं पाणी."

"फिल्टरचंच ना?"

"हो हो, फिल्टरच्याच पाण्यात केलं."

"केलं?" बाई म्हणाल्या. "केलं म्हणजे काय?"

"दोन चमचे साखर, एक उकळी, आणि गार झाल्यावर..."

"अरे गाढवा!" बाई अशा ओरडल्या की पलीकडच्या खाटेवरच्या आजी दचकून उठून बसल्या. "साखर घातलीस? माझ्या समुद्रात साखर घातलीस तू?"

फोनवरून जावयाचा बारीक आवाज आला. "मला वाटलं मीठ साखरेचं पाणी असेल. अशक्तपणा आला की माणसांना देतात तसं."

लेकीच्या हातातलं संत्रं खाली पडलं. ती हसायला लागली, पोट धरून हसायला लागली, आणि तिची नजर आईच्या तोंडाकडे गेली तशी गप्प झाली. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

साखर म्हणजे काही विष नव्हे. पण पाण्यातल्या जंतूंना ती मेजवानी. चार दिवस आयतं खाऊन जंतू भरमसाट वाढले होते आणि पाण्यातली हवा पिऊन टाकत होते. मासे गुदमरत होते, प्रवाळंही गुदमरत होती. मासे निदान वर तरी येऊ शकत होते.

"ऐक," बाई म्हणाल्या. "पंपाचं तोंड वर कर, पाणी खळखळलं पाहिजे. स्वयंपाकघरात निळं पिंप आहे, त्यात मी खारं पाणी तयार ठेवते. टाकीतलं अर्धं काढ आणि पिंपातलं घाल. पण सगळं नको, दोन बादल्या राहू दे. झालं की चित्र दिसेल असा फोन लाव."

पाऊण तासानं फोन आला. बाईंनी चष्मा लावला. बटणं सगळी मिटलेली, गवत मिटलेलं. त्याचं बाईंना काही वाटलं नाही, ती चिवट जात आहे. मग जावयानं फोन थोरलीकडे वळवला. टोपी सुरकुतून लोंबत होती आणि देठाला तळाशी राखाडी डाग पडला होता.

"बोटानं दाब तिथे. हलकेच."

"आत जातंय, आई. लोण्यासारखं."

एकतीस वर्षं हिरड्यांशी काम केलेल्या बाईला सुजलेलं काय आणि सडलेलं काय, हे सांगावं लागत नाही. कात टाकताना देठ टणक राहतो. हे सडत होतं, आणि खालून वर चढत होतं. उद्यापर्यंत टोपीला लागलं असतं. थोरलीचा तुकडा दुसऱ्या कुणाच्याही घरात नव्हता. पंधरावीस घरांत बाईंची बटणं होती, थोरली एकाही घरात नव्हती.

बाईंनी फोन मांडीवर ठेवला. लेकीनं त्यांचा हात धरला. मग त्यांनी फोन पुन्हा उचलला.

"कापायला लागेल," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"थोरलीला. टोपी वरच्यावर उतरव, देठाला चार बोटं सोडून. मग तिचे तुकडे कर."

"मी?" जावई म्हणाला. "आई, थोरलीला? मला नाही जमणार. आधीच मी..."

"अरे, रोज शंभर गोळे कापतोस ना पिठाचे? हे तसंच मऊ आहे. हातमोजे घाल, घाण वास येईल, येऊ दे. पातं धारदार घे आणि एका दमात काप. करवतीसारखं पुढेमागे करू नकोस. मी आहे फोनवर."

त्यानं पिशवीतलं बेकरीचं पातं उकळत्या पाण्यात धुऊन घेतलं. फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, तेही बाईंना दिसलं. त्यानं दोनदा पातं टोपीजवळ नेलं आणि मागे घेतलं. पण पातं टोपीला लागलं तसं हातांना काम कळलं. एक, दोन, तीन, टक टक टक, अकरा तुकडे. सगळे सारखे, तराजूत तोलल्यासारखे. बाईंनी एकतीस वर्षं बारीक काम केलं होतं आणि चांगला हात त्यांना ओळखता येत होता.

हे प्रवाळ बुळबुळीत, डिंकानं चिकटत नाही. म्हणून जावयानं एकेक तुकडा गुलाबी ठोकळ्यावर ठेवून दोऱ्यानं बांधला, ना सैल ना घट्ट, बेकरीत खोके बांधतात तसा. मग ठोकळे पिंपातल्या उरलेल्या पाण्यात सोडले, त्यात छोटा पंप लावला. तोवर दुपारचे दोन वाजले होते. तो पहाटे तीनपासून उठलेला.

"जेवलास का?" बाईंनी विचारलं.

"नाही अजून."

"जेव आधी," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

दुपारभर त्या छताकडे बघत पडून राहिल्या. लेकीला वाटलं, जावयावर चिडल्यात. पण बाईंच्या कानात एकच वाक्य घुमत होतं. 'किती गोडं?' त्यानं विचारलं होतं की! सरळ, स्वच्छ विचारलं होतं. एक शब्द जास्त बोलल्या असत्या तर थोरली वाचली असती. आपल्या आठ्यांनी थोरलीचा घास घेतला, असं बाईंना वाटलं, आणि ते खोटंही नव्हतं. त्यांना लाज वाटली. साठीला आल्यावर लाज वाटणं फार अवघड जातं.

सातव्या दिवशी त्या घरी आल्या, चालायच्या चौकटीच्या आधारानं एकेक पाऊल टाकत. टाकीतलं पाणी निवळलं होतं. दोन्ही मासे वाचले होते, बटणं अर्धीमुर्धी उघडली होती. थोरलीचा बुंधा मात्र काळा पडून वितळला होता. जावयानं तो बाहेर काढला, बाईंनी हातात घेतला. खोलीभर वास सुटला. बाई त्या वासातच बसून रडल्या, आवाज न करता, नाक ओढत. जावई दाराशी खिळून उभा होता. मग बाईंनी बुंधा कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिला.

पिंपात अकरा तुकडे होते, सुरकुतलेले, मिटलेले. जगतील की जातील, कुणीच सांगू शकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दातांचे डॉक्टर बाईंना बघायला आले. चार माणसांत बाईंची जुनी सवय परत आली. "जावईबापू, डॉक्टरांना जरा पाणी आणता का?" त्यानं पाणी आणलं आणि तो पुन्हा खुर्चीच्या कडेवर बसला. तेव्हापासून तो रोज साडेदहाला यायचा, पिंपातलं पाणी बदलायचा, सडू लागलेले तुकडे काढून टाकायचा आणि निघून जायचा. बाईंना त्याची माफी मागायची होती, पण माफी कशी मागतात हे त्यांना माहीत नव्हतं. सवयच नव्हती. अकराचे नऊ झाले, नवाचे सात.

तीन आठवडे झाले. एके दिवशी बाई स्वयंपाकघराबाहेर खुर्चीत बसून पायाचा व्यायाम करत होत्या. आतून हाक आली.

"आई! आई, लवकर या! नाही, लवकर नको, हळू या!"

बाई चौकट ढकलत गेल्या. पिंपाच्या कडेला वाकून बघितलं. चौथ्या ठोकळ्यावरचा तुकडा फुगला होता, कापलेली कड गोल भरून आली होती, आणि वर आठ दहा बारीक बोटं उघडली होती. पंपाच्या पाण्यात हलत होती.

"जगली," बाई म्हणाल्या. डोळे पुसून त्या पुन्हा म्हणाल्या, "जगली गं बाई."

दोघं बराच वेळ बघत राहिली.

"ही पहिली तुमच्या घरी न्यायची," बाई म्हणाल्या. "छोटी टाकी देते मी. माझ्याकडे काही झालं तर तुमच्याकडून परत आणता येईल." मग त्यांनी घसा साफ केला. "आणि जावईबापू, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत, किती गोडं म्हणून. मी नीट ऐकलं नाही. चूक माझी."

जावयानं ओले हात पँटला पुसले. "आई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"फोनवर तुम्ही मला काय म्हणाला होतात?"

बाईंना आधी कळेना. मग आठवलं आणि त्या ओशाळल्या. "गाढवा म्हणाले. तोंडातून निघून गेलं."

"ते तुम्ही फक्त हिला म्हणता," जावई म्हणाला. 'हिला' म्हणजे बायकोला. तो पिंपाकडे बघत बोलत होता. "मला पण तसंच म्हणत जा ना. तुम्ही अहो म्हणालात की मला काही विचारायची भीती वाटते. त्या दिवशी गाढव म्हणालात, तर थोरली कापायला पण नाही भ्यालो."

चौकट वळवून बाई बाहेरच्या खोलीत गेल्या. जावयाला वाटलं, बिनसलं. तो त्यांच्या मागोमाग दारापर्यंत आला. बाई टाकीसमोर उभ्या होत्या.

"गाढवा," बाई म्हणाल्या, "पाणी खुणेच्या खाली गेलंय. एक मग भरून आण."

"गोडं?"

"नुसतं."

"नुसतं म्हणजे?"

बाईंच्या कपाळावर आठ्या आल्या, अर्ध्यावर थांबल्या आणि विरून गेल्या.

"नुसतं म्हणजे नुसतं, गाढवा. त्यात मीठ नाही, साखर नाही, काही नाही," कवळीबाईंनी दुसऱ्यांदा सांगितलं.